फाल्गुन-चैत्रात कोकणातले डोंगर: ऊन, पाणी, घसारा आणि वणवे (एकत्र धागा)

घाटपायथा (धागाकर्ता)

शिमगा जवळ आला की दरवर्षी तोच प्रश्न निघतो. आता कोकणातल्या डोंगरात जाता येईल का, की थेट पावसाचीच वाट बघायची? उत्तरं चार ठिकाणी विखुरतात आणि पुढच्या वर्षी कुणाला सापडत नाहीत, म्हणून हा एकत्र धागा. मी खेड तालुक्यातला. जगबुडी नदीच्या खोऱ्यातल्या वाटा मला जास्त ठाऊक आहेत. महाड-पोलादपूर आणि तळकोकणातल्या मंडळींनी आपापल्या भागाचं लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. फाल्गुन-चैत्रात डोंगर बंद होत नाही, फक्त त्याचं वेळापत्रक बदलतं. आणि या दिवसांत घाटवाट कोकणातून चढावी, वरून खाली उतरू नये.

कारण साधं आहे. सह्याद्रीचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सूर्य त्याच्या पाठीमागून उगवतो. मार्चच्या मध्यावर पावणेसातच्या सुमारास दिवस उगवला तरी पायथ्याच्या वाडीवर ऊन पोचायला बराच वेळ लागतो, कडा उंच असेल तर नऊ-साडेनऊ वाजतात. तेवढा वेळ आख्खी चढण सावलीत असते, कातळ हाताला गार लागतो. तोच कातळ दुपारी एकपासून थेट उन्हात तापतो आणि दिवस मावळला तरी ऊब सोडत नाही. वरून उतरणारी मंडळी सकाळी घाटमाथ्यावर चहा-पोहे करून नऊला निघतात आणि बरोबर भर दुपारी त्या भिंतीच्या अंगावर सापडतात.

त्यात उंचीचाही हिशोब आहे. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. देशावरच्या किल्ल्याला पायथाच मुळात सहा-सातशे मीटरवर असतो. आपल्याकडे वाडी शंभर मीटरवर, कधी त्याहून खाली. म्हणजे चढताना दर तासाला थोडं गार होत जातं आणि उतरताना पाय थकलेले असतात तेव्हाच आपण भट्टीत शिरत असतो.

वाऱ्याचं गणितही समजून घ्या. एरवी दुपारी बाराच्या आसपास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि पारा आवरतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस पूर्वेचा कोरडा वारा इतका जोर धरतो की खारे वारे उशिरा येतात, कधी येतच नाहीत. हा वारा कडा उतरून खाली येताना आणखी तापतो. त्या दिवशी रत्नागिरीचा पारा विदर्भाच्या बरोबरीला जाऊन बसतो. किनारपट्टीसाठी हवामान खातं ३७ अंशांपासूनच उष्णतेची लाट धरतं, मात्र तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर असावं लागतं. सपाट प्रदेशाला हाच आकडा ४० आहे. तेव्हा 'कोकणात काय, समुद्र आहे' या भरवशावर राहू नका. निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा बघा. पिवळा किंवा नारिंगी असेल तर बेत पुढे ढकला.

---

मुलुंडकर

फारच वेळेवर धागा काढलात. आमचा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस खेडला यायचा विचार आहे. रसाळगड-सुमारगड-महिपतगड सलग करता येईल का? बरोबर वडील आहेत (वय पासष्टच्या पुढे, रोज चालतात) आणि दहा वर्षांची मुलगी. मुक्काम कुठे, पाणी कुठे मिळेल, सगळंच सांगा.

---

घाटपायथा

मुलुंडकर, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. काकांना आणि मुलीला घेऊन मार्चमध्ये हे त्रिकूट करू नका. फक्त रसाळगड करा आणि तो मनापासून करा.

रसाळवाडीपर्यंत गाडी जाते. तिथून चढ फार नाही, पायऱ्या आणि दरवाजे आहेत, मुलीला मजा येईल. वर झोलाईदेवीचं मंदिर आहे, आजूबाजूला तोफा आहेत, पाण्याची टाकी आहेत. पहाटे खेडहून निघालात तर सातला वर, दहाच्या आत परत गाडीत. मंदिरात मुक्काम करतात लोक, पण शिमग्याच्या दिवसांत देवीची माणसं, पालखीची गडबड असते. गावात आधी विचारल्याशिवाय पथारी टाकू नका.

सुमारगड या ऋतूत मला अजिबात पसंत नाही. शेवटच्या टप्प्यात डोंगराच्या कुशीला चिकटून जाणारी अरुंद वाट आहे. पावसानंतर ती मातीची असते. आता तीच भुगा झालेली असते, वर वाळकं गवत आडवं पडलेलं. महिपतगड मोठा आहे, वर दाट झाडी आणि पारेश्वराचं देऊळ. तो वेगळा दिवस काढून बेलदारवाडीतून करा, तिन्ही गड एका दोरीत बांधू नका.

टाक्यांबद्दल. माहितीत 'बारमाही पाणी' असं लिहिलेलं असतं, पण हे शब्द डिसेंबरात खरे आणि एप्रिलात अर्धेच खरे असतात. पाणी असतं, पण तळाला. वरच्या पायरीवर पालथं पडून हात घातला तरी बाटली बुडत नाही. वर हिरवी साय धरलेली, ती बाजूला सारली की खालून थंडगार आणि बऱ्यापैकी नितळ पाणी निघतं, मधेच एखादा बेडूक टुणकन कडेला जातो. म्हणून पातळ दोरी आणि एक अरुंद गडू किंवा कापलेली बाटली सोबत ठेवा. पाणी फडक्यातून गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या टाका. चढताना मात्र टाक्यावर विसंबायचंच नाही. माणशी चार लिटर पाठीवर हवं, दिवसभराचा बेत असेल तर पाच.

---

पुणेरी भटक्या

तुमचा कडा-सावलीचा मुद्दा पटला, पण 'उतरू नये' हे सरसकट झालं. आम्ही घाटमाथ्यावरच्या मोहरी गावी मुक्काम करून बोराट्याच्या नाळेने किंवा सिंगापूर नाळेने उतरतो. नाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ, दोन्ही बाजूंनी बंद असते, सावली भरपूर. शिवाय कोकणातून चढायचं म्हटलं तर पुण्याच्या माणसाने आधी रात्रभर प्रवास करून खाली यायचं, गाडी खाली ठेवायची आणि संध्याकाळी वर पोचून गाडीशिवाय उभं राहायचं. व्यवहार बघा ना जरा.

---

घाटपायथा

मोहरीला मुक्काम असेल तर तुमचं बरोबर आहे, ती सूट द्यायला हवी होती. वर राहून फटफटायला नाळेच्या तोंडाशी उभं राहिलं आणि साडेनऊ-दहाला खालचं गाव गाठलं, तर काही अडचण नाही. माझा आक्षेप पुण्याहून पहाटे निघून दहाला उतरायला लागणाऱ्यांवर आहे.

पण नाळेच्या सावलीचं मात्र तपासून बघा. नाळ पश्चिमेला उघडते. सकाळी सावली असते हे खरंच. दोननंतर सूर्य समोरून थेट आत शिरतो, वारा आत फिरकत नाही आणि दोन्ही भिंतींची ऊब अंगावर येते. मोठ्या धोंड्यांवर हात टेकवत नाही. सावलीच्या आशेने दुपारी नाळेत थांबलेल्यांचे मी हाल बघितले आहेत.

गाडीचा प्रश्न खरा आहे. आमच्याकडचा त्यावरचा जुना उपाय म्हणजे वस्तीची एसटी. संध्याकाळची शेवटची गाडी गावात मुक्कामाला जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत येते. तिने गावात जायचं, कुणाच्या तरी पडवीत झोपायचं, पहाटे वाट धरायची. वर पोचलात की महाबळेश्वर नाहीतर भोरच्या बाजूची एसटी. मात्र शिमग्यात वेळापत्रक इकडचं तिकडे होतं, म्हणून आगारात फोन करूनच निघा.

---

रानवेडी

पाण्या-उन्हाइतकंच वणव्यांबद्दल बोलायला हवं. फेब्रुवारीच्या मध्यापासून संध्याकाळी डोंगरावर लाल माळ दिसली नाही असा दिवस विरळा.

बाहेरच्या लोकांना वाटतं झाडं घासून आग लागते. आपल्या डोंगरात जवळपास प्रत्येक वणवा माणसाच्या हातून लागतो. भाताच्या रोपासाठी भाजावळ करतात, कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (वाळका पालापाचोळा) पसरून पेटवतात, त्यातली एक ठिणगी बांधावरून उडते. कुणी नवं गवत चांगलं फुटेल या समजुतीने मुद्दाम लावतं. आणि काही वेळा, हे लिहिताना वाईट वाटतं, आपल्यासारखेच फिरणारे चूल नीट न विझवता उठतात. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७च्या कलम २६खाली गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यात जमिनीवर घरटं केलेले पक्षी जातात, सरडे-कासवं जातात, अंजनीची, करवंदीची झुडपं जातात. जी देवराई चारशे वर्षं कुणी कुऱ्हाड न लावता राखली तिची कड दरवर्षी हातभर आत सरकते.

माझी एवढीच विनंती: मार्च ते मे डोंगरात चूल पेटवूच नका. भाकरी-चटणी, दशम्या, सातूचं पीठ, उकडलेली अंडी, काय हवं ते घरून न्या. गॅसची छोटी शेगडीही गवतात नको. आग दिसली तर वन विभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर कळवा आणि खालच्या गावातही सांगा.

---

मुलुंडकर

आणि चालत असताना समोरून वणवा आला तर? मुलगी बरोबर असताना हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

---

रानवेडी

ताई म्हणू की दादा ठाऊक नाही, पण प्रश्न अगदी योग्य विचारलात.

आग चढावर पळते. खालून वर येताना तिचा वेग माणसापेक्षा जास्त असतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. म्हणून वर पळायचं नाही. आडवं, बाजूला निघायचं आणि जमेल तसं खाली. घळीत किंवा नाळेत शिरायचं नाही, धूर आणि आग चिमणीतून चढावी तशी तिथून चढते. उघडा कातळ, पायवाटेचा रुंद भाग, पऱ्याचं (ओढ्याचं) कोरडं पात्र (उथळ आणि मोकळं असेल तर) किंवा आधीच जळून काळी झालेली जागा, यांपैकी जे जवळ असेल ते गाठायचं. जळालेली जागा सगळ्यांत सुरक्षित, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. नाकातोंडावर ओलं फडकं. अंगात सुती कपडे हवेत, सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

रसाळगडाच्या बेतात सकाळी दहाच्या आत परतायचं आहे ना? मग फार चिंता नको. वणवे बहुतेक दुपारी, वारा सुटल्यावर पसरतात.

---

घाटपायथा

रानवेडी, उत्तम लिहिलंत. त्याला जोडून एक. जळून गेलेल्या उतारावरून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालावं लागलं तर जास्त जपा. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेले दगड मोकळे झालेले असतात. वरचा माणूस चालला की खालच्याच्या अंगावर गोटे येतात. एकामागे एक न जाता थोडं तिरकं अंतर ठेवून चाला.

आता घसाऱ्याकडे येतो. पावसाळी चिखलात घसरणं आणि आताचं घसरणं यात फरक आहे. आता खाली कडक मुरूम असतो आणि त्यावर बारीक खडीचा थर, पाय टाकला की तो थरच आपल्याला घेऊन निघतो. वाळकं गवत उताराच्या दिशेने झोपलेलं असतं, त्यावर तर बूट चालतच नाही. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, शरीर मागे न झुकवता. मागे झुकलं की टाच सुटते आणि आपण बसलोच. फार तीव्र असेल तर आडवं उभं राहून एकेक पाऊल. आधाराला गवत धरायचं नाही. कारवीचाही भरवसा नाही. पावसाळ्यात कारवीचा दांडा आख्खं वजन घेतो, आता तो कडाकन मोडून हातात येतो.

वाट चुकण्याचं प्रमाणही या दिवसांत वाढतं. पानगळ झाली की पायवाटेवर पातेऱ्याचा जाड थर बसतो आणि वाट व रान यात फरक दिसत नाही. दिसतात त्या ढोरवाटा, कारण गुरं रोज जातात. ढोरवाट रुंद, मळलेली, छान असते आणि आपल्याला शांतपणे एखाद्या पाण्याच्या डबक्यावर नेऊन सोडते. चढणाऱ्या वाटेवर झाडाच्या बुंध्याला जुने कोयत्याचे घाव, मधेच रचलेल्या दगडांच्या दोन-चार पायऱ्या, वळणावर शेंदूर लावलेला देव, असं काहीतरी असतंच. अर्धा तास यातलं काहीही दिसलं नाही तर थांबा आणि शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. गावातून कुणी जाणता माणूस बरोबर घेतला तर उत्तमच. त्याला त्याच्या दिवसाची मजुरी द्या, घासाघीस करू नका.

---

बांद्याचो

नमस्कार मंडळी. तळकोकणातलो असल्यामुळे इकडचा सांगतंय, बाकी प्रमाण मराठीतच लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या बाजूला जंगलात जाणाऱ्यांनी माकडतापाचं लक्षात ठेवावं. २०१६पासून इकडे रुग्ण सापडतात आणि थंडी संपता संपता ते पावसापर्यंत हाच त्याचा काळ. गोचीड चावल्याने होतो. गोचिडीची पिल्लं एवढीशी असतात की तीळ वाटावा. काजूच्या बागेतून, पातेऱ्यातून चालताना पायावर चढतात. पातेऱ्यावर बसू नका, लोळू नका, बॅग झाडाखाली टाकू नका. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि काखा, जांघा, कानामागे तपासणं. कपडे वेगळे धुवा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. नंतर आठवडाभरात एकदम ताप, डोकेदुखी, अंग मोडून आलं तर डॉक्टरांना 'मी अमुक जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा.

आता चांगलं सांगतो. रांगणा नारूरच्या बाजूने चढा, मार्चमध्ये सुद्धा बराच रस्ता गर्द झाडीतला आहे, वर तलाव आहे, रांगणाईचं देऊळ आहे. व्हाळाला (ओढ्याला) वरच्या अंगाला थोडं थोडं पाणी असतं. मनोहर-मनसंतोषगड त्या मानाने उघडा, तो सकाळीच उरका. आणि सुरंगी! याच दिवसांत वेंगुर्ल्याकडे सुरंगीच्या झाडांवर फांदीला चिकटून कळ्या येतात, पहाटे बायका गजरे करतात. डोंगर झाला की एक दिवस तिकडे काढा.

सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) मात्र धा वाजल्यानंतर जाव नकात. तो कातळ पायाखालून आणि वरून दोन्हीकडून भाजतो.

---

सड्यावरची

बांद्याचो, सड्याचं अगदी खरं. मी राजापूर तालुक्यातली. कातळशिल्पं बघायला मार्च चांगला, कारण गवत गेलेलं असतं आणि खोदलेल्या रेषा उघड्या असतात. पण वेळ पाळायला हवी. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, कारण तिरप्या उन्हातच खोदकामाला सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी कशेळीचा तो एवढा मोठा हत्तीसुद्धा सपाट दिसतो. देवाचे गोठणेला गेलात तर होकायंत्र न्या, तिथल्या कातळावर सुई भरकटते. (डोंगरात फक्त होकायंत्रावर चालणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, जांभ्यात लोह भरपूर असतं.) चित्रांवर पाय देऊ नका, पाणी ओतून फोटो काढू नका. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली नाव गेलंय, पण राखायचं आपल्यालाच आहे.

---

जिल्हा रुग्णालयातली डॉक्टर

या धाग्यावर यायलाच हवं होतं, कारण मार्च-एप्रिलमध्ये डोंगरातून आमच्याकडे येणारे रुग्ण मी बघते.

उन्हाचं आधी. चक्कर, पायात गोळे, मळमळ, घाम भरपूर येतोय, ही पहिली पायरी. इथेच थांबा. सावली, पाय वर, ओआरएस घोटघोट. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसतं पाणी लिटरवर लिटर पिऊ नका, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि त्यानेही माणूस भ्रमिष्ट होतो.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या देतोय, अंग चटका बसेल इतकं तापलंय, तर तो उष्माघात. यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. घाम थांबेलच असं नाही, चालून चालून झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. तेव्हा 'घाम येतोय म्हणजे ठीक आहे' असं समजू नका. आधी गार करा, मग हलवा. कपडे सैल करा, असेल नसेल ते सगळं पाणी अंगावर ओता, जोरजोरात वारा घाला, मान, काखा, जांघा ओल्या ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. क्रोसिनचा याला उपयोग नाही. १०८ला फोन करा.

विंचू. आपल्याकडचा लाल विंचू लहान आणि घातक. दगड उचलताना, सकाळी बूट घालताना चावतो. दंशाच्या जागी दुखणं ठीक, पण खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर हृदयावर परिणाम होतोय असं समजा, मुलांमध्ये तर फारच जपावं लागतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवलं आणि त्या कामामुळे असंख्य लोक वाचले. ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

साप. सड्यावर आणि दगडी बांधांत फुरसं असतं, पातेऱ्याच्या रंगाचं, वीतभर-हातभर. चावलं तर दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. तो हातपाय हलू देऊ नका, माणसाला उचलून न्या. आपल्याकडची प्रतिसर्प लस फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर चालते, साप मारून आणायची गरज नाही.

---

कॉलेजकट्टा

दिवसा एवढं ऊन असेल तर रात्रीच चढलं तर? होळी पौर्णिमेला चांदणं असतं, टॉर्चही लागत नाही. आमचा दहा जणांचा ग्रुप आहे.

---

घाटपायथा

मित्रा, विचार समजतो, पण घाटवाटेला नको. डॉक्टर मॅडमनी सांगितलेली मंडळी, विंचू आणि फुरसं, या दिवसांत रात्रीच फिरतात. चांदण्यात ढोरवाट आणि खरी वाट ओळखू येत नाही आणि झाडीत चांदणं जमिनीवर पोचतच नाही. शिवाय वासोटा-नागेश्वर-चोरवणे, प्रचितगड हे सगळं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे वन विभागाची परवानगी लागते आणि रात्री थांबता येत नाही. चोरवण्यातून नागेश्वरला महाशिवरात्रीला गावोगावचे लोक चढतात म्हणून एरवीही चालतं असं धरू नका.

मधला मार्ग आहे. गावापासून डोंगराच्या पायापर्यंत शेतातून, बागांतून जाणारी सपाट वाट असते. तेवढी पहाटे पाचला बॅटरीच्या उजेडात चाला. म्हणजे फटफटतं तेव्हा खरी चढण सुरू होते आणि कड्याची सावली पूर्ण वसूल होते.

दहा जण आहात म्हणून आणखी एक. आग्या मोहोळ. कड्यांच्या पोटाला, बुरुजाखाली, जुन्या सावरीच्या झाडावर पोळी लोंबत असतात. याच दिवसांत सावर, पांगारा, पळस फुललेले, माश्यांची लगबग जोरात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, खाली धूर करू नका, आरडाओरडा, ड्रोन, दगड मारणं तर अजिबात नाही. माश्या उठल्याच तर झटकत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि पोळ्यापासून लांब निघा, पण कड्याची बाजू बघून. थांबायचं ते बरंच अंतर गेल्यावर, दाट झुडपात किंवा घरात. रुतलेला काटा नखाने खरवडून लगेच काढा. घसा सुजला, दम लागला तर १०८.

---

पुणेरी भटक्या

ढवळे घाटाचं कुणी सांगेल का? चंद्रगड करून महाबळेश्वरच्या आर्थर सीटला निघायचं आहे. मार्च अखेर.

---

घाटपायथा

तुमच्यासारख्या सराव असलेल्यांना ही वाट मी सुचवलीच असती. कोकणातून चढणारी, सकाळी पूर्ण सावलीत, बरीचशी दाट रानातली. पण दिवस लांब आहे. चंद्रगड आणि घाट एका दिवसात या ऋतूत करू नका. आदल्या दिवशी दुपार टळल्यावर ढवळ्यात पोचा, मुक्काम करा, संध्याकाळी पाण्याची गावात चौकशी करा. दुसऱ्या दिवशी चंद्रगड सोडून थेट घाट. वाटेतलं पाणी धरून चालू नका, मिळालं तर नशीब. चंद्रगडासाठी थंडीत वेगळे या. वर पोचताना शेवटचा कातळटप्पा दुपारी तापलेला असतो, तिथे हातमोजे असलेले बरे.

---

मुलुंडकर

जाऊन आलो! तुम्ही सांगितल्याप्रमाणे फक्त रसाळगड. सव्वासहाला रसाळवाडीत होतो. वर जाईपर्यंत ऊन नाही, गार वारा, पहिल्या दरवाजाजवळ गवतावर दव इतकं की मुलीचे बूट भिजले. मार्चमध्ये दव असेल असं वाटलंच नव्हतं. बाबा आमच्या आधी वर. दूरचे डोंगर मात्र धुरकट, महिपतगडाची फक्त कड दिसत होती. देवळात एक आजी झाडत होत्या, त्यांनी मुलीला ताक दिलं आणि 'धा वाजायच्या आत उतरा बाळा' म्हणाल्या. उतरलो पावणेदहाला, गाडीचं दार उघडताना हाताला चटका बसला, तेव्हा कळलं.

उरलेल्या दिवशी वेळासला गेलो, संध्याकाळी कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघितली आणि बाणकोटचा किल्ला. समुद्राच्या वाऱ्यात तो पाचनंतर मस्त होतो. एप्रिलमध्ये पुन्हा यावं म्हणतोय, जमेल?

---

घाटपायथा

वा! काकांना नमस्कार सांगा.

धुरकटपणा आता पावसापर्यंत राहणार, वणव्यांचा धूर आणि हवेतला दमटपणा दोन्ही आहेत. लांबचा देखावा हवा असेल तर थंडीतच या. दवाचं म्हणाल तर ज्या पहाटे दव आणि धुकं असतं, त्या दिवशी पूर्वेचा वारा नसतो, म्हणजे चालायला दिवस चांगला जातो. आंबेवाले त्याच धुक्याला घाबरतात, मोहोर काळा पडतो.

एप्रिलबद्दल: पहिला पंधरवडा सकाळी तीन तासांचे छोटे किल्ले ठीक. त्यानंतर मी स्वतः घाटवाटा बंद ठेवतो. दमटपणा इतका वाढतो की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर गार होत नाही, मग पारा ३४ असला तरी ४०चा त्रास होतो. करवंदं-जांभळांसाठी यायचं असेल तर वैशाखात गावात या, डोंगरात नको. अंजनीची निळी फुलं बघायची असतील तर मात्र एप्रिलच्या सुरुवातीची एखादी पहाट काढा.

येत्या रविवारी मी बिरमणीहून हातलोट घाटाच्या अर्ध्यापर्यंत जाणार आहे, पऱ्याला पाणी कुठवर आहे ते बघायला. सोमवारी इथेच लिहितो. बाकीच्यांनीही गेल्या आठ-पंधरा दिवसांतलं पाहिलेलं असेल तर गावाचं नाव, टाक्यात किंवा पऱ्यात पाणी किती आणि वाट जळलेली आहे का, एवढं तारखेसकट टाका.